चौदा नंबरचा कोट

मालकीणबाईंनी कोटाची बाही उलटी केली, खिडकीशी नेली आणि चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरली. पांढऱ्या कापडात पांढऱ्याच दोऱ्याचं रफू होतं. मनगटाच्या खालच्या अंगाला, हात टेबलाच्या कडेला घासतो तिथे. थोडंथोडकं नव्हे, चांगलं चार बोटं.

“ये इकडे,” त्या नातीला म्हणाल्या. “बघून घे. ही तुझी बायॉलॉजी.”

नात उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होती. लहानपणी मुंग्यांची रांग दिसली की ताटावरून उठून तिथेच उकिडवी बसायची, म्हणून घरात तिचं नाव मुंगी पडलं होतं. आता अठराची झाली, आजीपेक्षा वीतभर उंच झाली, तरी नाव तेवढंच राहिलं होतं. तिने बाही बघितली आणि हे रफू आहे, एवढंच म्हणाली.

“रफू आहे ते मलाही दिसतंय. कोणाच्या कोटावर आहे ते वाच.”

कॉलरच्या आत पक्क्या शाईने चौदाचा आकडा घातलेला होता. रक्त तपासायच्या लॅबचे वीस कोट दर शनिवारी गाठोड्यातून लॉन्ड्रीत येत आणि मंगळवारी धुऊन परत जात. त्यातला चौदा नंबर तिथल्या मोठ्या बाईंचा. मोठ्या बाई म्हणजे त्याच, ज्यांची सही रिपोर्टाच्या तळाशी असते आणि सहीखाली डिग्री. परवाच मुंगीने मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, की मला जी डिग्री घ्यायची आहे ती त्या बाईंकडे आहे. बोलून गेली आणि फसली.

“एवढं शिकून, एवढी मोठी होऊन, बाईला नवा कोट परवडत नाही,” मालकीणबाई म्हणाल्या. “आणि ही डावी बाही बघ. हिला तर अजून रफू करायलाही वेळ मिळालेला नाही. भोक तसंच. मी काय म्हणते ते कळतंय का?”

त्या काय म्हणत होत्या ते सगळ्या दुकानाला कळत होतं. गल्ल्यावर, वजनाला म्हणून ठेवलेल्या जुन्या इस्त्रीखाली, बँकेचा अर्ज तीन दिवस दबून पडला होता. तीन वर्षांची पदवी, पुढची दोन वर्षं, वसतिगृह, सगळं धरून सहा लाखांचं कर्ज. जामीनदार हवा आणि जामीनदाराच्या नावावर जागा हवी. या घरात नावावर जागा असलेलं माणूस एकच होतं आणि जागाही एकच. हे दुकान, मागची भट्टी आणि वरच्या तीन खोल्या. नवरा गेला तेव्हा मालकीणबाईंकडे एक इस्त्री आणि दोन गिऱ्हाइकं होती. तिथपासून इथपर्यंत त्यांनी कोणाचं पैचं कर्ज घेतलं नव्हतं आणि हे ऐकलेलं नाही असं गावात कोणी उरलं नव्हतं. कॉलेजात नाव घालायला आता दहा दिवस राहिले होते.

मालकीणबाई शाळेत दुसरीपर्यंत गेल्या. पुढचं शिक्षण कपड्यांनी केलं. माणूस तोंडाने पगार फुगवून सांगेल, पण कॉलर फुगवता येत नाही, असं त्या म्हणत. समोरच्या वकिलाचं दिवाळं निघणार हे त्यांनी तीन महिने आधी सांगितलं होतं, कारण त्याच्या शर्टांच्या कॉलरी उलटवून शिवलेल्या यायला लागल्या होत्या. शेजारच्या पोरीला सांगून आलेल्या स्थळाचा कोट धुवायला आला, तेव्हा आतली चिठ्ठी बघून त्यांनी निरोप धाडला, की कोट भाड्याचा आहे, बाकीचं तुम्ही बघा. त्यांचा अंदाज चुकला असं अजून झालं नव्हतं. निदान चुकलेला त्यांनी कोणाला सांगितला नव्हता.

मुंगीने कॉलेजचं माहितीचं पुस्तक आणलं. त्यात एक पान होतं, शिकून बाहेर पडलेल्यांना सरासरी पगार किती मिळतो त्याचं. आजीने सरासरी म्हणजे काय ते विचारलं. मुंगीने समजावलं.

“म्हणजे माझी मिळकत आणि इस्त्रीवाल्याचा पगार एकत्र करायचा, दोनाने भागायचा आणि आलेला आकडा इस्त्रीवाल्याला सांगायचा, की हा तुझा पगार. सांगून बघ त्याला.”

“सांगा की, मालकीणबाई,” इस्त्रीवाला वाफेच्या आडून म्हणाला. “माझी ना नाही.”

मुंगीला हसू आलं, पण तिने ते गिळलं. हसलं की आजीचा विजय झाला, हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, की कोटावरून पगार कळत नसतो. आजी म्हणाली, की मग कशावरून कळतो ते सांग. लॅबमध्येच मशीनवर बसायचा दोन वर्षांचा डिप्लोमा होता. फी घरातून भरता आली असती. बँकेचं तोंड बघायला नको, दुकान पणाला लावायला नको आणि विशीत पोरगी कमावती. यात वाईट काय ते मालकीणबाईंना कोणी सांगत नव्हतं. मुंगी म्हणायची, की मला मशीन चालवायचं नाही, मशीन जे बघतं ते मला बघायचं आहे. आजी म्हणायची, की मग खिडकीतून बघ, फुकट आहे.

मुलगा गाडीवरून गाठोडी उतरवून आत आला. त्याने आईकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, म्हणाला, “आई म्हणेल तसं,” आणि पाणी पिऊन पुन्हा गाडीकडे गेला. हे एक वाक्य तो चाळीस वर्षं म्हणत आला होता आणि त्याच्यावर त्याचं बरं चाललं होतं.

सून कोपऱ्यातल्या टेबलाशी कपड्यांवर नंबर घालत होती. दुकानात ती फारशी बोलत नसे आणि तिला कोणी विचारायची रीतही नव्हती.

“मग तूच जाऊन विचार त्यांना,” मुंगी शेवटी म्हणाली. “कोटाला काय विचारतेस?”

मालकीणबाईंनी बाही सरळ केली. त्यांना बऱ्याच दिवसांत कोणी आव्हान दिलं नव्हतं.

“जाईन की. मला काय कोणाची भीती पडलीय?”

मंगळवारी सकाळी त्या मुलाच्या शेजारी गाडीत बसल्या, लॅबचं गाठोडं मांडीवर घेऊन. चौदा नंबरचा कोट त्यांनी मुद्दाम वर ठेवायला लावला होता. बाईंना वाईट वाटेल असं बोलायचं नव्हतं. बाही दाखवायची, कापड विरलंय म्हणायचं, नवा का घेत नाही म्हणून विचारायचं आणि मग पगारावर यायचं. वाटेत त्यांनी हे दोनदा मनाशी घोकलं.

काउंटरवरच्या माणसाने त्यांना आतल्या खोलीत नेलं. पुढच्या दालनात मशीनं घरघरत होती, पोरंपोरी नळ्या लावत होती, काढत होती. मागची खोली शांत होती. खिडकीशी लांब टेबल, त्यावर सूक्ष्मदर्शक, रक्ताचा थेंब पसरलेल्या काचांच्या पेट्या आणि जांभळ्या औषधाची बाटली. हाच तो जांभळा डाग, जो दर आठवड्याला उजव्या बाहीवर येई आणि जो काढायला मालकीणबाई स्पिरिट वापरत. बाई पन्नाशीच्या होत्या. केस कापलेले, चष्मा दोरीने गळ्यात. त्या उठल्या, स्वतःचं स्टूल पुढे केलं आणि गाठोडं घेऊन खुद्द मालकीण आली म्हणजे कोट हरवला की काय, असं विचारत्या झाल्या.

“हरवेल कशाला? आमच्याकडून रुमाल हरवत नाही,” मालकीणबाई म्हणाल्या आणि बसल्या.

त्यांनी घोकलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि सरळ विषयाला हात घातला. नात आहे, हुशार आहे, तुमचीच डिग्री म्हणते, कर्ज काढावं लागेल, सहा लाख. ते फिटतं का?

बाई हसल्या नाहीत आणि उपदेशही केला नाही, हे मालकीणबाईंना आवडलं. त्यांनी टेबलाच्या खणातून रिपोर्टाचा एक कोरा कागद काढला आणि त्याच्या पाठीवर आकडे मांडले. त्यांचा पहिला पगार अकरा हजार होता, हप्ता साडेचारचा. कर्ज फिटायला नऊ वर्षं लागली. त्या नऊ वर्षांत एकदाही सुट्टीला कुठे गेल्या नाहीत. आज नवीन मुलीला अठरा मिळतात, कुठे वीस. सहा लाखांचा हप्ता आठच्या आसपास येईल. उरलेल्यात खोलीचं भाडं आणि जेवण. आता त्यांना स्वतःला पंचावन्न मिळतात, घर भाड्याचंच आहे, पण महिन्याच्या शेवटी कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

मालकीणबाईंच्या इस्त्रीवाल्याला बावीस हजार मिळत होते. त्यांनी ते सांगितलं. बाई म्हणाल्या, की मिळायलाच हवेत, इस्त्री सोपी नसते.

“मग डिप्लोमा काय वाईट?”

“काहीच वाईट नाही. बाहेर बसलेत ते सगळे डिप्लोमावालेच आहेत, माझ्याआधी कमावते झाले. पैशासाठीच शिकायचं असेल तर मावशी, तिला तेच करू द्या.”

“आणि पैशासाठी नसेल तर?”

बाईंनी सांगितलं, की मशीन आकडा देतं आणि तो बहुतेक वेळा बरोबर असतो. बाहेरची पोरं तपासतात, आणि त्यांनी तपासलेल्यातलं जे मनाला पटत नाही ते बाई स्वतः पुन्हा तपासतात. पटत का नाही हे सांगता यायला ती पाच वर्षं लागतात. शंभरांत नव्वद वेळा पोरांचंच बरोबर निघतं आणि आपला वेळ फुकट जातो.

“आणि उरलेल्या दहा वेळा?”

“डॉक्टरला फोन करायचा. मग पुढची काच.”

“कोणाचं होतं ते कळत नाही?”

“नाही हो. काचेवर नंबर असतो नुसता.”

मालकीणबाईंनी मान हलवली. नंबरावर चालणारा धंदा त्यांना नवा नव्हता. आता बाहीचं विचारावं म्हणून त्यांनी गाठोडं सोडलं, वरचा कोट उचलला आणि डावी बाही उलटी केली. पंचावन्न हजारवाल्या बाईने असा कोट घालावा हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं.

भोक नव्हतं. जिथे शनिवारी भोक होतं तिथे बारीक, दाट रफू होतं, एकेक धागा मोजून घेतलेलं. कोट शनिवारपासून त्यांच्याच दुकानात होता.

“हां, हे,” बाई बाहीकडे बघून म्हणाल्या. “हे सांगायचंच राहतं. तुमच्याकडे रफू फार सुंदर करतात. दर दोन वर्षांनी नवा कोट मिळतो मला, पण मी तो नव्या पोरींना देऊन टाकते. हा इतका मऊ झालाय, आणि तुम्ही त्याला मरूच देत नाही. बिल ऑफिस भरतं, मी बघत नाही. रफूचं त्यात धरत असाल ना?”

लॉन्ड्रीच्या दारावर गेली वीस वर्षं पाटी होती, रफूचे पैसे वेगळे. ती मालकीणबाईंनी स्वतः सांगून लिहून घेतली होती.

“आमची पद्धतच आहे ती,” त्या म्हणाल्या, आणि उठल्या.

गाडीत त्यांनी मुलाशी एक अक्षर काढलं नाही. तो घाबरला. आई गप्प बसली म्हणजे कोणाचं तरी काही खरं नाही, एवढं त्याला कळत होतं. पण मालकीणबाई चिडल्या नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांपुढे ते रफू होतं. इतकी वर्षं त्या तो कोट बघत होत्या, तो हात ओळखायला हवा होता. वीस वर्षांपूर्वी मुलासाठी मुलगी बघायला गेल्या, तेव्हा चहा देणाऱ्या हाताच्या बाहीवर त्यांना असंच रफू दिसलं होतं. घर गरीब होतं, पण ते रफू बघून त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला होता. मग तिला आणली, आकडे घालायला बसवली, भट्टी दाखवली, वरचा स्वयंपाक दाखवला आणि त्या हाताकडे पुन्हा पाहिलं नाही. घेताना कपडा त्या स्वतः तपासत. देताना तपासायचं काम सुनेचं होतं.

दुपारी इस्त्रीवाला जेवायला गेला होता, मुंगी वर होती. सून कोपऱ्यातल्या टेबलाशी हॉटेलच्या चादरींवर नंबर घालत होती. मालकीणबाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“चौदा नंबरचं रफू कधीपासून करतेस?”

सुनेने शाईची काडी खाली ठेवली. ती आधी दोऱ्याबद्दल बोलली. दोरा दुकानातला नव्हता, ती बाहेरून आणते. वेळही दुकानाचा नव्हता, दुपारी आई पडतात तेव्हा ती करते.

“मी दोरा विचारला नाही.”

“चौदा वर्षं झाली.”

मग तिने सांगितलं, तुटक तुटक, मध्ये थांबून. मुंगी चार वर्षांची असताना ताप येत होता ते आईंना आठवत असेल. मालकीणबाईंना आठवत होतं. वीस दिवस ताप चढला आणि उतरला, पोरगी अंथरुणाला खिळली, डोळे तेवढे मोठे दिसायचे. रिपोर्ट स्वच्छ आला होता, म्हणून डॉक्टर दुसरंच औषध देत होते. मग एका संध्याकाळी डॉक्टरांनी स्वतः बोलावून औषध बदललं आणि तिसऱ्या दिवशी पोरीने खायला मागितलं.

“आणि मी त्या डॉक्टराचे शर्ट वर्षभर फुकट धुतले,” मालकीणबाई म्हणाल्या. “बायकोच्या साड्यासुद्धा.”

“हो. त्यांनीच मला सांगितलं. म्हणाले, माझं काही नाही, लॅबमधल्या बाईंनी काच पुन्हा बघितली. जंतू इतके थोडे होते की पहिल्यांदा सापडलेच नव्हते. त्यांची वेळ संपली होती, तरी बसल्या. म्हणाल्या, लहान मूल आहे आणि ताप असा येतोय, मग रिपोर्ट स्वच्छ कसा?”

सून दुसऱ्या दिवशी नवा रिपोर्ट आणायला लॅबमध्ये गेली. आत जायची हिंमत झाली नाही. दाराच्या काचेतून बाईंची पाठ दिसली, त्या वाकून बघत होत्या. कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता आणि कॉलर उलटी पडली होती. आत चौदाचा आकडा होता. तो तिनेच घातलेला होता, तिच्याच हाताचा. त्या शनिवारी गाठोडं आलं तेव्हा तिने तो कोट बाजूला काढला. बाही विरली होती.

मालकीणबाई स्टुलावर बसल्या.

“मला का नाही सांगितलंस?”

सुनेने चादरीची कड सरळ केली.

“तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्यांचेही कपडे फुकट धुतले असते. मग ते दुकानाचं झालं असतं. हे माझं होतं.”

मालकीणबाईंनी टेबलावरची शाईची काडी उचलली आणि परत ठेवली. सून घाबरली आणि म्हणाली, की तुम्ही म्हणत असाल तर बंद करते.

“मी कुठे म्हटलं?”

भट्टीचं पाणी आत खदखदत होतं. मालकीणबाईंनी कनवटीला खोचलेला रिपोर्टाचा कागद काढला, घड्या उलगडल्या आणि टेबलावर पसरला. बाईंचे आकडे पाठीवर होते. त्यांना अक्षर लावायला वेळ लागे, आकडे मात्र झरझर येत. त्यांनी एकेका आकड्यावर बोट ठेवून सगळं सांगितलं. अठरा, हप्ता आठ, नऊ वर्षं. एकही आकडा फुगवला नाही आणि एकही दडवला नाही. डिप्लोमावाले आधी कमावते होतात, तेही सांगितलं. मग कागदावर हात ठेवून त्या म्हणाल्या,

“तू पोरीची आई. तू सांग. सही करू का?”

सुनेने वर पाहिलं. प्रश्न आपल्यालाच आहे ना, याची खात्री करायला तिने मागेही पाहिलं.

“जागा तुमची आहे, आई.”

“जागेचं मी बघीन. तुला विचारलंय ते सांग.”

सून कागदाकडे बघत राहिली. तिला हे आकडे कुठून तरी आधीच ठाऊक असावेत असं मालकीणबाईंना वाटलं, आणि ती हो म्हणायला इतका वेळ का लावते आहे ते कळेना. मग कळलं. ती खरोखरच तोलत होती. वीस वर्षं तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारल्यावर ती उगाच हो म्हणणारी बाई नव्हती.

“त्यांना पुरतो का पगार?”

“आता पुरतो. आधी ओढाताण झाली म्हणाल्या. नऊ वर्षं.”

“पस्तावल्यासारख्या वाटल्या का?”

मालकीणबाईंनी आठवून पाहिलं. हे त्यांनी विचारलंच नव्हतं. पण हात टेबलाच्या कडेवर टेकून, काचेवर वाकलेली ती पाठ त्यांना आठवली. त्यांचं बोलणं झालं होतं आणि त्या दारापर्यंत पोचल्याही नव्हत्या, तोच बाई पुन्हा काचेवर वाकल्या होत्या; नव्वद वेळा फुकट जाणारं काम करायला.

“नाही,” त्या म्हणाल्या. “ते नाही वाटलं.”

“मग करा. पण मुंगीला हे आकडे दाखवा, सगळे. नंतर म्हणायला नको, कोणी सांगितलं नाही. आणि हप्त्यातलं निम्मं मी भरणार. मला आता रफूचे पैसे द्या, चौदा नंबर सोडून बाकीच्या कामाचे. पाटीवर लिहिलंय तसे.”

“हं,” मालकीणबाई म्हणाल्या. “तोंड आहे म्हणायचं तुला.”

त्या शब्दांत राग नव्हता. सुनेला तो सापडला नाही, आणि ती चादरीकडे वळली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

बुधवारी मालकीणबाई बँकेत गेल्या. सही करायला त्यांना वेळ लागला, कारण त्या प्रत्येक अक्षर पुरं केल्याशिवाय पुढे जात नसत. बँकेतल्या माणसाने अंगठा चालेल म्हटलं, तेव्हा त्याच्या कॉलरकडे एकदा बघून त्या म्हणाल्या, की घाई तुम्हाला असेल. शेजारी मुंगी बसली होती. आदल्या संध्याकाळी आईने तिला आकड्यांचा कागद दाखवला होता, आणि तिने तो दोनदा वाचला होता. मग तिने विचारलं होतं, की नऊ वर्षं म्हणजे मी बत्तिशीची होईन का? आई म्हणाली होती, की हो, साधारण. मुंगी म्हणाली, की चालेल. आजी पलीकडच्या खोलीतून ऐकत होती आणि हे चालेल म्हणणं तिला उथळ वाटलं नव्हतं.

बाकीचं मुंगीला कोणी सांगितलं नाही. ते सांगायचं तर आईने सांगावं, ती गोष्ट तिची होती.

शनिवारी लॅबचं गाठोडं आलं. चौदा नंबरच्या उजव्या बाहीला नेहमीचा जांभळा डाग होता. मालकीणबाईंनी स्पिरिट लावून तो स्वतः काढला आणि कोट वाळल्यावर मुकाट्याने सुनेच्या टेबलावर नेऊन ठेवला. दुपारी त्या पडल्या नाहीत. दिव्याचा उजेड कमी आहे म्हणून नवा दिवा आणवला आणि विजेचं बिल काय झाडाला लागतं का, असं म्हणत स्वतःच लावून घेतला.

मंगळवारी मुलगा गाडी काढत होता, तेव्हा त्यांनी गाठोड्यातला चौदा नंबरचा कोट काढून वेगळ्या कागदात गुंडाळला आणि मुंगीला हाक मारली. आज लॅबमध्ये तू जा, म्हणाल्या. मागची खोली, खिडकीजवळ. काउंटरवर ठेवून पळून यायचं नाही, बाईंच्या हातात द्यायचा.

मुंगी लगेच चपला घालायला लागली. तिला वाटलं, आजीने कॉलेजबद्दल काही विचारायला पाठवलं आहे.

“काय बोलू त्यांच्याशी?”

“काही बोलू नको. कोट दे आणि जरा उभी राहा. खिडकीच्या उजेडात उभी राहा, सरळ, खांदे पाडून नको. बघू दे त्यांना.”

“काय बघू दे?”

सून टेबलाशी होती. तिने उठून लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले, जसे ती कोणालाच न सांगता दिवसातून चारदा सारायची, आणि पुन्हा जागेवर जाऊन बसली.

“आणि त्यांनी विचारलं, का उभी आहेस, तर?” मुंगी दारातून म्हणाली.

मालकीणबाईंनी पुढच्या गाठोड्याची गाठ सोडायला घेतली होती. त्यांनी वर पाहिलं नाही.

“सांग, कोट द्यायला आले.”